एक प्रत पालकांना

माझ्या मागे लागलेल्या मुलाकडे लुना होती. नव्वदीची सुरुवात होती, आम्ही नाशिकरोडला राहायचो आणि मी शहरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. मी सिटी बसने जायचे आणि तो बसच्या मागे लुनावरून, सगळा धूर अंगावर घेत. मी थांब्यावर उतरले की समोर हा उभा, तोंड काळवंडलेलं, डोळ्यांत पाणी. ते पाणी डिझेलचं आहे एवढं मला तेव्हाही कळायचं. बोलायचा काहीच नाही. नुसता असायचा. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर, वाचनालयाच्या पायरीवर, परतीच्या थांब्यावर. आज सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. सतत कुणीतरी मानेवर बोट ठेवून चालतंय असं वाटायचं. त्या वर्षात मी मागे वळून न बघता चालायला शिकले आणि ती सवय अजून गेलेली नाही.

शेजारच्या काकूंनी आईच्या कानावर घातलं आणि घरात खलबतं सुरू झाली. पहिला उपाय म्हणून मामाला माझ्यामागे नेमलं. मामा तेव्हा नोकरी शोधत होता, म्हणजे मोकळाच होता. पुढे बस, बसमागे लुना आणि लुनामागे सायकलवर मामा, अशी आमची वरात रोज निघायची. मामा पोचायचा तोवर माझा दुसरा तास संपलेला असायचा. मग तो आवारातल्या कडुनिंबाखाली झोप काढायचा. तिसऱ्या आठवड्यात द्वारका चौकाजवळ त्याची सायकल पंक्चर झाली आणि मामा त्या दिवशी लुनावर डबलसीट बसून कॉलेजात आला. लुना कुणाची ते सांगायला नको. "पोरगा चांगला आहे गं," संध्याकाळी तो जेवताना म्हणाला. "मला बघून थांबला बिचारा."

त्याच संध्याकाळी वडिलांनी निर्णय घेतला. माझे वडील आवाज चढवणारे नव्हते. एका कार्यालयात कारकून होते आणि त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर कॉलनीतल्या चार-पाच जणांबरोबर चहा घ्यायचा, मग ऑफिस गाठायचं, हा त्यांचा शिरस्ता. दुसऱ्या दिवशी येताना ते आमच्या घरापासून सात मिनिटांवरच्या आर्ट्स कॉलेजचा फॉर्म घेऊन आले. तो त्यांनीच भरला, त्या सुंदर अक्षरात. विषय: समाजशास्त्र. मला रसायनशास्त्र आवडायचं. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडताना एका थेंबाला सगळं द्रावण एकदम गुलाबी होतं, तो क्षण मला फार आवडायचा. मी फॉर्मवर सही केली. रडले नाही, कारण रडावं असं कुणी काही बोललंच नव्हतं. पण वडिलांवरचा राग मी पुढे कित्येक वर्षं नीट घडी घालून जपून ठेवला.

लुनावाल्याने त्याच कॉलेजात पहिलं वर्ष पार पाडलं आणि मग फार्मसी केली. आता आमच्याच भागात त्याचं औषधांचं दुकान आहे. डोकेदुखीची गोळी मागितली की "ताई, उपाशीपोटी घेऊ नका हं," असं आवर्जून सांगतो.

समाजशास्त्र शिकले म्हणून पुढे मी तेच शिकवायला लागले. दोन हजार साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा शहरात एक नवी योजना निघाली. मुलींचा पाठलाग, छेडछाड वगैरे थांबवायला एक पोलीस चौकी, मी शिकवत होते ते कॉलेज, एक बसस्थानक आणि एक महिला मंडळ अशा चौघांनी एकत्र काम करायचं. आजवर जो तो आपापलं बघत होता, आता हातात हात घालून चालायचं ठरलं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी बैठक असायची. मला तक्ते चांगले जमतात अशी माझी ख्याती असल्यामुळे चौघांना चालेल असा एक तक्रारीचा फॉर्म करून द्या, असं मला सांगण्यात आलं.

मी फॉर्म केला. फार मन लावून केला. मुलीचं नाव, वय, इयत्ता, हजेरी क्रमांक, राहण्याचा पत्ता, मूळ गाव, पालकाचं नाव, पालकाचा पत्ता, येण्याजाण्याची वेळ, बसचा मार्ग, सोबत कोण असतं. अकरा रकाने झाले. तळाशी छापून घेतलं: प्रत माहितीस्तव, एक ते चार यंत्रणांना आणि एक प्रत पालकांना. त्रास देणाऱ्याबद्दल काय लिहावं ते सुचेना, म्हणून एक ओळ आधीच छापून टाकली: "अज्ञात इसमाकडून त्रास होत असल्याबाबत." कारकुनांचा लिहिण्याचा त्रास वाचावा, हा त्यात विचार होता. सगळ्यांनी फॉर्मचं कौतुक केलं. इतका सुटसुटीत फॉर्म पाहिला नाही, असं चौकीतले हवालदार म्हणाले, आणि त्यांनी आयुष्यात पुष्कळ फॉर्म पाहिलेले होते.

वर्षभराने योजनेचं मूल्यमापन करायची वेळ आली. ज्या संस्थेच्या आधारावर योजना चालली होती, तिला अहवाल हवा होता. बाहेरचा माणूस बोलावला तर तो खुसपटं काढील म्हणून घरचा माणूस बघा असं ठरलं आणि घरची मीच निघाले. म्हणजे माझ्या फॉर्मचं मूल्यमापन मीच करायचं. "मॅडम, अवघड काही नाही," कॉलेजचे उपप्राचार्य म्हणाले. "योजना उत्तम आहे असं वीस पानांत लिहायचं." मला असं कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, मी प्रत्येक ठिकाणी जाणार आणि प्रत्येक कागद बघणार.

सुरुवात कॉलेजपासून केली. तक्रारपेटी होती, हिरव्या रंगाची, कुलूप लावलेली आणि क्रिकेट संघाच्या फलकाला लागून ठोकलेली. त्या फलकापाशी दिवसभर तीस-चाळीस मुलं उभी असायची. पेटीत चिठ्ठी टाकायची हिंमत होईल अशी मुलगी तक्रार कशाला करेल, ती सरळ कानाखालीच वाजवेल. पेटी उघडली तर कँटीनच्या समोशाविरुद्ध सात अर्ज, एक हरवलेलं ओळखपत्र आणि "ही चिठ्ठी कृपया बी.कॉम.च्या अमुक मुलीला पोचवावी" अशी विनंती जोडलेलं एक प्रेमपत्र. प्रेमपत्रालाही आवक क्रमांक पडलेला होता.

बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकांनी माझं उभं राहून स्वागत केलं. योजनेत ते मनापासून होते. तक्रारदार मुलगी एकटी पडू नये म्हणून ते ध्वनिक्षेपकाचा उपयोग करत. "पाचच्या गाडीची वाट बघणाऱ्या, छेडछाडीची तक्रार केलेल्या मुलीने नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा." हे ऐकून सगळं स्थानक त्या मुलीला शोधायला लागायचं. "किती जणी येतात?" मी विचारलं. "एकही नाही," ते समाधानाने म्हणाले. "म्हणजे तक्रार मिटलेली असते."

महिला मंडळाकडे फोटोंचे अल्बम होते, चौकीत लाल कापडी बांधणीची नोंदवही होती. हवालदार पोट सुटलेले, मवाळ गृहस्थ होते. त्यांच्या वहीत एकही रकाना रिकामा नव्हता. कार्यवाहीच्या खाली पानभर एकच शब्द होता: पत्र, पत्र, पत्र, पत्र. "आमचा समन्वय इतका चांगला आहे मॅडम," ते म्हणाले, "की एक कागद आमच्याकडे थांबत नाही."

हे अक्षरशः खरं होतं. मी नमुन्यादाखल एक तक्रार धरली आणि ती कुठे कुठे गेली ते बघायला लागले. हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरची मुलगी, कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, शहरात वसतिगृहावर राहणारी. वसतिगृह ते कॉलेज आणि कॉलेज ते बसथांबा एक तरुण रोज तिच्यामागे असतो, अशी तक्रार. मुलगी विद्यार्थिनी म्हणून तक्रार कॉलेजात आली. रस्त्यावरचा प्रकार म्हणून कॉलेजने ती चौकीला पाठवली. थांब्याचा उल्लेख आहे म्हणून चौकीने बसस्थानकाला पाठवली. महिलांचा प्रश्न म्हणून बसस्थानकाने महिला मंडळाला पाठवली. आणि मुलगी विद्यार्थिनी आहे हे मंडळाच्या लक्षात आल्यामुळे ती परत कॉलेजात आली. कॉलेजने ती नवी तक्रार समजून नवा क्रमांक दिला. अशा तीन फेऱ्या झाल्या होत्या. आता कागदावर एका मुलीच्या तीन मुली झाल्या होत्या, आणि "योजनेला वाढता प्रतिसाद" असा ठराव बैठकीत झाला होता.

बी.एस्सी. हा शब्द वाचून माझं लक्ष त्या मुलीवर जरा जास्तच गेलं, हे मी कबूल करते. तिला गाठून काही विचारण्याआधी योजना तिच्यापर्यंत पोचते कशी ते डोळ्यांनी बघावं, म्हणून मी दोन दिवस कॉलेज सुटल्यावर तिच्यामागून चालत गेले. बेताचं अंतर ठेवून, हातात छत्री, पायात आवाज न करणाऱ्या चपला. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की रस्त्यावर मी एकटी नाही. एक गृहस्थ टपऱ्यांच्या आडोशाने चालत होते. अंगात फुलाफुलांचा शर्ट, पण पायात पोलिसांचे तपकिरी बूट. माझ्यापुढे दोन वयस्क बायका होत्या, एकीच्या हातात चहाचा थर्मास. आणि सगळ्यांच्या मागे कॉलेजचे शिपाईमामा, सायकल हातात धरून. मुलगी थांबली की आम्ही सगळे थांबायचो. ती पानाच्या दुकानाशी वळली की आम्ही एकेक करून वळायचो.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर थर्मासवाल्या बाईंनी माझं मनगट धरलं. "दोन दिवस बघतेय तुला," त्या म्हणाल्या. "या वयात शोभतं का हे?" मी म्हटलं, मी मूल्यमापन करतेय. त्या म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात. तेवढ्यात फुलाफुलांचा शर्ट धावत आला. शर्टातले हवालदारच होते. त्यांना बघताच दुसऱ्या बाईंनी पिशवीतून कागद काढला: फुलाफुलांच्या शर्टातला एक इसम रोज मागे असतो, अशी तक्रार त्यांनी आठवड्यापूर्वीच चौकीत दिली होती. हवालदारांनी ती स्वतःच्या हाताने नोंदवून घेतली होती आणि तपास चालू होता. शिपाईमामांना मागून नुसती छत्री दिसत होती, त्यांनी छत्रीवाल्या बाईविरुद्ध सकाळीच अर्ज दिला होता. सगळी वरात वाहतूक नियंत्रकांच्या खोलीत नेली. तिथे आम्ही एकमेकांना ओळखपत्रं दाखवली; त्या दोन बायका महिला मंडळाच्या निघाल्या. एका महिन्यात पाच बैठका झाल्या असत्या तरी आमची इतकी ओळख झाली नसती.

मुलगी कोपऱ्यात उभी होती. आधी ती तोंडावर ओढणी धरून हसत होती. मग हसता हसता रडायला लागली.

"मॅडम, आधी एकच मागे होता," ती मला म्हणाली. "आता मी मोजणंच सोडलंय."

"आणि तो? तो कुठे आहे?"

तिने खिडकीतून बोट दाखवलं. थांब्यावर एक नीट भांग पाडलेला मुलगा मोटारसायकलला टेकून उभा होता. थर्मासवाल्या बाई चपापल्या. "अगं, हा?" त्या म्हणाल्या. "हा फार सालस आहे. रोज आम्हाला बाकावर जागा करून देतो." आम्ही बाहेर जाईपर्यंत तो निघून गेला होता. जाताना त्याने खिडकीकडे बघून हवालदारांना नमस्कार केला होता, असं नंतर कळलं.

मुलीने माझा हात धरला. "मला काही नको मॅडम. फक्त घरी पत्र पाठवू नका. माझ्या ताईचं शिक्षण असंच सुटलं. गावातल्या कुणीतरी येऊन सांगितलं की कॉलेजच्या वाटेवर एक पोरगा तिच्याशी बोलतो, आणि बाबांनी दुसऱ्या दिवशी तिची पेटी घरी आणली. मला पाठवताना म्हणाले, तुझं नाव कुठं ऐकू आलं नाही पाहिजे. पत्र गेलं तर माझं कॉलेज संपलं."

तिला उगाच धीर देण्याआधी मी हवालदारांकडे बघितलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून डायरी काढली, पानं उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तळाला छापलेलंच आहे ना. एक प्रत पालकांना. ती राहून गेली होती, परवा टपालात पडली."

ते वाक्य मी छापलं होतं. माझ्या हाताने, ठळक अक्षरात.

मुलगी म्हणाली, पाड्यावरची पत्रं पोस्टमन घरोघर नेत नाही. हरसूलचा बाजार भरतो त्या दिवशी सगळे पाडे खाली उतरतात, तेव्हा तो बाजारातच वाटून टाकतो. आणि बाजार उद्या होता. हवालदारांनी साध्या वेशात येण्याची तयारी दाखवली, ती मी हात जोडून नाकारली. थर्मासवाल्या बाईंनी थर्मास देऊ केला, तो घेतला.

दुसऱ्या दिवशी थर्मासात ताजा चहा भरून सकाळच्या गाडीने आम्ही दोघी निघालो. वाटेत तिने मला शिक्षिका व्हायचं आहे असं सांगितलं, रसायनशास्त्राची. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

हरसूलला उतरल्यावर तिला मी भाजीच्या पालांजवळ थांबवलं आणि एकटी पोस्टमनला शोधायला गेले. तो चहाच्या दुकानाबाहेर बाकावर बसला होता, मांडीवर पत्रांचा गठ्ठा. शेजारी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पोत्यावर टोपी घातलेला एक शेतकरी बसला होता. मी पोस्टमनला हळू आवाजात सगळं समजावलं. अमुक पाड्यावर अमुक नावाने पत्र आलं असेल, ते चुकून गेलेलं आहे, ते माझ्याकडे द्या. तो म्हणाला, नियमात बसत नाही. मी म्हटलं, माणुसकीत बसतं. तो म्हणाला, टपाल खातं माणुसकीत बसत नाही. मी एका मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे असं म्हटलं, थर्मासातला चहा देऊ केला, मी प्राध्यापिका आहे हेही सांगून झालं. पाच मिनिटं हे चाललं होतं.

"बाई," पोत्यावरचा माणूस म्हणाला, "तुमी म्हणता ते पत्र माझ्यापाशी हाय."

त्याच्या गुडघ्यावर ते उघडून ठेवलेलं होतं. चार शिक्के लांबूनही दिसत होते.

"चौथीपर्यंत शिकलोय," तो म्हणाला. "अक्षरं लागतात, अर्थ लागत नाय. तुमी सांगा."

मी कागद हातात घेतला. विषय: आपल्या पाल्याच्या संदर्भात प्राप्त प्रकरणाबाबत. खाली लिहिलं होतं की उपरोक्त प्रकरणी आपली पाल्य संबंधित असून चारही यंत्रणा तिच्यावर सातत्याने लक्ष ठेवून आहेत. मी ते वाचून दाखवलं. गोलमाल करता आला असता, शिष्यवृत्तीचं पत्र आहे म्हणून सांगता आलं असतं. पण मुलगी तोवर आमच्यामागे येऊन उभी राहिली होती आणि तिच्यासमोर मला खोटं बोलवेना.

"चार हापिसं हिच्यावर लक्ष ठेवून हायेत," तो माणूस म्हणाला. "काय केलं हिनं?"

"हिने काही केलं नाही. एक मुलगा हिच्या मागे लागतो. हिने तक्रार केली."

"मग त्याचं नाव कुठं हाय?"

मी पत्र बघितलं. मग पिशवीतून तिच्या प्रकरणाचे सगळे कागद काढले, तीन फेऱ्यांचे सगळे. एकेक उलटत गेले. मुलीचं नाव सतरा ठिकाणी होतं. बापाचं नाव होतं, पाड्याचं होतं, ती कुठल्या वेळेला कुठल्या रस्त्याने जाते तेही होतं. मुलाच्या जागी सगळीकडे माझं छापील वाक्य होतं: अज्ञात इसम.

"मी लिहिलं होतं, बाबा," मुलगी म्हणाली. "पहिल्या चिठ्ठीत. नाव, आडनाव, गाडीचा नंबर, घर कुठं ते सुदीक. फॉर्मात त्याला जागाच नव्हती म्हणून हापिसातल्या मामांनी चिठ्ठी तिथल्याच फाईलला लावून ठेवली." घाबरल्यावर तिची भाषा गावाकडची झाली होती.

पोस्टमन गठ्ठा बांधायचा थांबला होता.

"त्याच्या बापाला गेलाय का असा कागद?" बापाने मला विचारलं.

मी नाही म्हटलं.

"कोन त्याच्या घरी गेलं?"

मी पुन्हा नाही म्हटलं. मी समाजशास्त्राची प्राध्यापिका, सात-आठ वर्षं शिकवलेलं, चर्चासत्रांत निबंध वाचलेले. त्या बाकावर मला कागद कुठे लपवावेत ते कळेना. अकरा रकाने मी काढले होते आणि अकराच्या अकरा मुलीसाठी काढले होते. मला तसंच माहीत होतं. आमच्या घरी विचारलेला प्रत्येक प्रश्न मलाच विचारलेला होता.

"मोठ्या पोरीच्या टायमाला मलाबी सुचलं नाय," तो हळूच म्हणाला आणि उठला. मुलीने मान खाली घातली. ती कशाची वाट बघत होती ते मला कळत होतं. त्याने पोत्याचं तोंड बांधलं, टोपी नीट केली. "सोमवारी हिच्यासंगं मी येतो. तुमच्यातलं कोन जात नसंल तर त्याच्या बापाकडं मी जातो. हिचं कालेज कशापायी बुडवायचं?"

मी थर्मास उघडला आणि आम्ही चौघांनी चहा घेतला, पोस्टमनने सुद्धा. नियमात बसत होता की नाही, कोण जाणे.

तो सोमवार नेमका बैठकीचा होता. मुलीचा बाप आला आणि खुर्चीवर बसून त्याने तोच प्रश्न चौघांना विचारला. माझा वीस पानी अहवाल दीड पानाचा झाला आणि त्या दीड पानात त्याचा प्रश्नच होता. उपप्राचार्य म्हणाले की बाकी समन्वय चांगला झाला असंही घालायला हरकत नाही. हवालदार उठले, गणवेशावर टोपी चढवली आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "चला मामा, चिठ्ठीतला पत्ता आहे ना आपल्याकडे?" नोंदवहीत काही न लिहिता ते गेले, वर्षभरात पहिल्यांदाच. मीही गेले. मुलाचे वडील अंगणात झाडांना पाणी घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं, पाईप खाली ठेवला आणि म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही हो." मुलगा दाराआड होता. तो प्रकार त्या दिवशी थांबला. मुलगी बी.एस्सी. झाली, पुढे बी.एड. झाली. आता एका शाळेत शिकवते आणि दिवाळीला मला फोन करते.

त्या आठवड्यात मी नवा फॉर्म केला. पहिला रकाना: त्रास देणाऱ्याचं नाव. दुसरा: त्याच्या वडिलांचं नाव व पत्ता. तो घेऊन मी वडिलांकडे गेले. ते निवृत्त झाले होते, हात थोडा कापायचा. मी त्यांना हरसूलची सगळी गोष्ट सांगितली, शर्टापासून पोत्यापर्यंत. ते पोट धरून हसले. मग मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा विचारलं, "बाबा, त्या लुनावाल्याच्या घरी तुम्ही का नाही गेलात?"

"त्याचे वडील आमच्या चहाच्या कंपूतले," ते म्हणाले. "रोज सकाळी शेजारी बसायचे. फार भले गृहस्थ. त्यांना काय वाटेल, म्हणून बोललो नाही."

त्यांना काय वाटेल याचा विचार वर्षभर रोज सकाळी टपरीवर झाला होता, आणि मला काय वाटेल ते त्यांच्या मनातच आलं नव्हतं. खूप राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण ते हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

थोड्या वेळाने त्यांनी चष्मा लावला आणि फॉर्म ओढून घेतला. पेन मागितलं. पहिल्या रकान्यात लुनावाल्याचं नाव लिहिलं, दुसऱ्यात चहाच्या कंपूतल्या मित्राचं. अक्षर अजूनही छापल्यासारखं होतं, फक्त वेळ लागत होता. शेवटी सही केली, खाली त्या दिवसाची तारीख घातली.

"प्रत कुणाला पाठवायची?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "एकच करा. मला द्या."